ठिपकीनं खाल्लं का?

थंडी आली की आधी रुळांना कळतं, माणसांना मागनं. सगळी उमर मी रेल्वेच्या गँगमध्ये खडी ओढली, म्हणून हे मला ठाऊक. दिवाळी सरली की पहाटेचं लोखंड आखडतं. दोन रुळांच्या सांध्यात फट पडते, करंगळीचं नख जाईल एवढी. मग गाडीचा आवाज बदलतो. उन्हाळ्यात गाडी घसरत गेल्यासारखी जाते, थंडीत सांध्यासांध्यावर अडखळत जाते. आता मी कामावर जात नाही, पण घर लायनीला लागूनच आहे, कान्हे सोडलं की कामशेतच्या अलीकडं. परवा सकाळी तोंड धूत होतो. पुण्याकडं जाणारी गाडी अडखळली आणि मी म्हटलं, आली.

चूळ टाकली आणि तसाच आत गेलो. कोपऱ्यातल्या फुटक्या रांजणावरची चाळण उचलली. ठिपकी दगडाखाली गेली होती. आदल्या दिवशी टाकलेला नाकतोडा कडेला बसला होता, धडधाकट. म्हणजे तिलाही कळली. आता शिमग्यापर्यंत ती तोंड उघडणार नाही.

दरसाल असंच होतं. दरसाल मला वाटतं, यंदा छातीत काही होणार नाही. आणि दरसाल होतं.

ठिपकी ही पाल आहे. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं. घरात भिंतीवर फिरते ती पाल नव्हे. ही रानातली, कातळाखाली राहणारी. वीतभर लांब, पिवळट अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, आणि शेपूट आल्याच्या कांड्यासारखं जाड. हिला भिंत चढता येत नाही, पायाला चिकटा नाही, नुसत्या नख्या. आणि हिला पापण्या आहेत. घरच्या पालीला पापणी नाही, सापाला नाही, ही मात्र माणसासारखे डोळे मिटते. आमच्या मावळात लोक हिला फार भितात. हिचा फुत्कार अंगावर आला तरी माणूस संपला म्हणतात. दिसली की ठेचायची. मीही ठेचलेल्या आहेत. दोन तर नक्की.

ही तिसरी. ही का वाचली ते सांगायचं तर हौसाचं सांगावं लागतं.

हौसा माझी बायको. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दल ती एकदा रडली आणि मग कधी बोलली नाही. अंगानं सडपातळ, पण भातलावणीला उतरली तर तिच्या मागच्या बायांना दम लागायचा. वाकलेली असतानाही तोंड चालू. बांधावरून जाणाऱ्या माणसाला नाव ठेवल्याशिवाय पुढं सोडायची नाही. मीही तसाच, पण माझ्या बोलण्यानं माणसं तुटायची आणि तिच्या बोलण्यानं हसायची. हा फरक मला ती असेपर्यंत कळला नाही.

त्या पावसाळ्यात तिला खोकला धरला. पाऊस गेला, खोकला गेला नाही. लोणावळ्याला एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं छातीचा फोटो काढायला लावला, फोटो खिडकीकडं धरून बघितला आणि म्हणाला, "क्षय आहे. पण घाबरू नका. पूर्वीसारखं राहिलेलं नाही, आता यावर सुया आहेत, गोळ्या आहेत. औषध माझ्याकडं आणि अन्न तुमच्याकडं. पोट रिकामं असेल तर माझी सुई काय करणार? भात, भाकरी, अंडी, दूध, जे जाईल ते घाला. वजन वाढलं तर बाई वाचली."

एवढं सोपं सांगितलं होतं त्या माणसानं. वजन वाढलं तर बाई वाचली. बाकी काही नाही.

पण गावाला क्षय एवढाच शब्द ऐकू आला. आमच्या ओट्यावर बायांची रीघ असायची ती आटली. पोरांना दारावरून जायची बंदी झाली. पारूवहिनी, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, भिंतीला भिंत लागून घर, ती ताकाचं मडकं अंगणाच्या कडेला ठेवायची आणि लांबून हाक मारायची. तेही मी उपकारच मानतो, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. मी सकाळी गँगवर जायचो, दिवस मावळता यायचो. तोवर हौसा एकटी, भिंतीकडं तोंड करून. झाकून ठेवलेली भाकरी झाकलेलीच सापडायची.

"का खाल्लं न्हाईस?" मी ओरडायचो.

"येकटीला घास उतरत न्हाई." ती म्हणायची. एवढंच.

एकदा सकाळी मी डबा बांधत होतो. ती म्हणाली, "अवं, येताना कायतरी जितं आना घरात. कोंबडीचं पिलू आना, न्हाईतर मांजराचं आना. दिसभर या भिताडाकडं बगून जीव इटला. भिताड काय डोळं मिटत न्हाई, उघडत न्हाई."

मी म्हटलं, "आनतो." आणि लायनीवर जाऊन विसरलो.

त्या दिवशी आम्ही कामशेतच्या अंगाला खडी उपसून रुळांखालचे स्लीपर बसवत होतो. शेतात भातं पिवळी झाली होती, कापणी चार दिवसांवर. फावड्याखालची खडी सरकली आणि ती दिसली. हवेत गारवा होता, तिला पळता येईना. गँगमधला एक जण ओरडला, "मागं व्हा, मागं व्हा, विखारी हाय!" मुकादमानं घण उचलला. आणि तिनं माझ्याकडं बघून डोळे मिटले. उघडले. परत मिटले.

भिताड काय डोळं मिटत न्हाई, उघडत न्हाई.

मी मुकादमाला म्हटलं, "थांबा." जेवणाचा जर्मनचा डबा रिकामा केला, भाकरी धोतराच्या सोग्यात बांधली, आणि फावड्यानं तिला डब्यात लोटलं. मुकादम म्हणाला, "धोंडी, बायकूला मारायचं आसंल तर सरळ मार की. पाल कशाला न्हेतोस?" सगळी गँग हसली. मी त्याला शिवी दिली. पण घरापर्यंत डबा हातभर लांब धरून चाललो, हेही खरं.

हौसानं डब्यात डोकावून बघितलं. मी म्हटलं, "विखारी हाय म्हनत्यात. लांबनं बग. उद्या न्हेऊन सोडतो."

तिनं डबा स्वतःकडं ओढला. मग म्हणाली, "मला बी तेच म्हनत्यात की." आणि हात घातला डब्यात. मी ओरडेपर्यंत ती पाल तिच्या तळव्यावर बसली होती. कुठं काय झालं नाही. हौसाच्या अंगात बारीक ताप असायचा, त्या उबेला ती पोट टेकून बसली. दोघी एकमेकींकडं बघत होत्या. दोघींनाही कुणी हात लावत नव्हतं.

"ठिपकी." हौसा म्हणाली. नाव पडलं.

गळा फुटलेला एक रांजण परसात पडला होता तो आत घेतला. तळाला माती, मातीवर लायनीवरचा एक चपटा दगड, पाण्याला नारळाची करवंटी, वर चाळण. चढता येत नसल्यानं ती बाहेर यायची नाही. खायला काय घालायचं हे कुणाला विचारायची सोय नव्हती. पारूवहिनीला कळलं असतं तर अख्खा गाव दारात येऊन उभा राहिला असता. त्यांनी आधी रांजण फोडला असता आणि मग म्हटलं असतं, बघा, खोकला कुठनं आला ते. म्हणून आम्ही चाळणीवर गोणपाट टाकायचो. विषयच काढायचा नाही. ही अक्कल माझी. पुढं जे झालं ते या अकलेनं झालं.

पहिल्या दिवशी मुंगळे टाकले, तिनं बघितलंसुद्धा नाही. मग नाकतोडा टाकला. दिवे लागले होते. हौसा भिंतीला टेकून बसली होती. ठिपकी दगडाखालून बाहेर आली, मान उचलली, शेपटाचं टोक मांजरासारखं थरथरवलं, आणि झडप. नाकतोड्याचे पाय तोंडाबाहेर राहिले होते. ते तिनं चावून चावून आत घेतले आणि मग जिभेनं स्वतःचं तोंड पुसलं.

हौसा हसली. किती दिवसांनी हसली. हसता हसता खोकला आला, खोकला थांबल्यावर परत हसली. म्हणाली, "आमच्या जाऊबाई आशाच जेवत्यात." आणि मग, "आना भाकरी. हिनं खाल्लं, आता मी खाते."

ते चेष्टेत सुरू झालं. मग रोजचंच झालं. मी दारातून आत आलो की पहिला प्रश्न, "आनलं का?" मग मी धोतर सोडून चड्डीवर भाताच्या खोडक्यांत नाकतोडे धरत फिरायचो. नुकती कापणी झालेली, रान नाकतोड्यांनी नुसतं उडत असायचं. ठिपकीला तीन, कधी चार. त्यानंतर हौसाचं ताट. ती एकेक घास ठिपकीकडं बघत खायची. आंबेमोहोराचा नवा भात, त्यावर दूध. अंडं. ठिपकीनं कात टाकली आणि टाकलेली कात स्वतःच खाल्ली, त्या दिवशी हौसानं दीड भाकरी खाल्ली. ठिपकी रांजणात एकाच कोपऱ्यात घाण करायची, त्याचं तिला केवढं कौतुक. "शिका जरा," मला म्हणायची. शेपूट जाड जाड होत गेलं. हौसाच्या मनगटावरच्या बांगड्या, ज्या कोपरापर्यंत सरकायच्या, त्या मध्येच अडू लागल्या.

लोणावळ्याला गेलो तेव्हा डॉक्टरनं काट्यावर उभं केलं, काटा बघितला, आणि मला म्हणाला, "काय चारता हो हिला?"

मी म्हटलं, "नाकतोडे."

डॉक्टर हसला. हौसा तर इतकी हसली की तिला बाकड्यावर बसवावं लागलं. येताना वलवणच्या धरणाकडनं वारा सुटला होता. स्टेशनात बाकावर तिला माझी घोंगडी पांघरली. ती म्हणाली, "थंडी पडाय लागली का वं?"

मी म्हटलं, "व्हय. सांधं उघडलं कालपास्नं."

बस. तेवढंच सुख. कार्तिकातले वीस-पंचवीस दिवस असतील. मोजत नाही मी ते, मोजले तर कमी भरतील.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी ठिपकी दगडाखालून आलीच नाही. म्हटलं, पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मी दगड उचलला. ती अंगाचं वेटोळं करून पडली होती, डोळे मिटलेले. नाकासमोर नाकतोडा धरला. तिनं एक डोळा उघडला, मिटला.

"खाल्लं का तिनं?" हौसानं विचारलं.

"न्हाई."

"काल?"

"न्हाई म्हनलं ना."

"मग मलाबी नगं आज. र्‍हाऊ द्या."

मी सरळ तोंडाचा माणूस. असेल ते आहे म्हणायचं, नसेल ते नाही. गँगमध्ये याचीच माझी पत होती. धोंडी म्हणाला सांधा ठीक आहे, तर मुकादम वाकून बघायचा नाही. त्या जिभेनं मी रोज संध्याकाळी माझ्या बायकोला सांगत राहिलो, न्हाई. न्हाई. आज पन न्हाई. एकेक न्हाई म्हणजे तिच्या ताटातली एकेक भाकरी होती. मला दिसत होतं. तरी जीभ वळेना.

मग मी धावत सुटलो. थंडीनं नाकतोडे संपले होते. स्लीपरांच्या थप्पीखाली रातकिडे शोधले. भाताच्या पेंढ्या उलथ्यापालथ्या केल्या. स्टेशनात कंदिलांची खोली असते, रॉकेलच्या वासाला तिथं झुरळं असतात असं वाटलं म्हणून तिथं गेलो. कंदीलवाला म्हणाला, "काय धोंडीभाऊ, रॉकेल पायजे?"

"झुरळं पायजेत."

"कुनाला?"

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "बायकूला."

झालं. दुसऱ्या दिवशी पारूवहिनी अंगणाच्या कडेला उभी. ताकाचं मडकं खाली ठेवलं आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "भावजी, हौसाला झुरळं चारताय म्हनं? कोन वैद भेटला हो असला? मानूस तरी हाईसा का राक्षेस?"

मी म्हटलं, "तुमाला चारू का?" ती तणतणत गेली. ताक बंद झालं. आत हौसा पडल्या पडल्या ऐकत होती. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "झुरळं तरी खाल्ली का तिनं?"

"न्हाई."

माणूस घाबरला की जनावर होतो. मी रांजण चुलीजवळ सरकवला, हौसाच्या छातीला धूर लागायला लागला म्हणून परत लांब नेला. अंड्याचा बलक केरसुणीच्या काडीवर घेतला आणि ठिपकीचं तोंड बोटानं उघडून आत घातला. ती चिरकली. एवढ्याशा जिवाचा तो आवाज! तिच्या ओठाच्या कडेला रक्ताचा ठिपका आला. हौसा अंथरुणातून म्हणाली, "सोडा तिला. सोडा म्हनते. उद्या मलाबी आसंच चारनार का?"

चारलं. तेही केलं मी. लपवत नाही. दोन दिवसांनी दुधात भाकरी कुस्करली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि जबडा धरून घास कोंबला. तिनं गिळला नाही, थुंकलाही नाही. तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग डोळे मिटले. मी हात धुवायला बाहेर गेलो आणि परसातल्या दगडावर माझी मूठ आपटून घेतली.

त्या रागात एकदा रांजण उचलून लायनीवर भिरकवायला निघालो होतो. ती म्हणाली, "ती गेली की माझं काय र्‍हायलं हो हितं?" मी रांजण खाली ठेवला.

एकदाच, फक्त एकदाच, मी खोटं बोलायचं ठरवलं. दिवसभर रुळावर घोकलं. घरी आलो, रांजणापाशी वाकलो, उठलो आणि म्हणालो, "खाल्लं हौसे. ठिपकीनं खाल्लं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. आणि तिच्या तोंडावर तिचं ते जुनं हसू आलं, बांधावरून जाणाऱ्याला नाव ठेवतानाचं. म्हणाली, "खोटं. खरं आसतं तर टवळीनं खाल्लं म्हनला आसता. शिवी न देता तुमी कवा बोललायसा?"

मी खाली बसलो. ती म्हणाली, "नगा जीव जाळून घेऊ. तिचं सरलं, माझं सरलं. तुमी जेवा."

पौषात, संक्रांतीच्या चार दिवस आधी, भर दुपारी हौसा गेली. मी मळवलीच्या बाजूला सांध्याचे नट आवळत होतो. निरोप आला तेव्हा पाना हातातच होता. तो पाना घेऊनच मी घरापर्यंत आलो, असं लोक सांगतात.

जाळायला लाकडं ठाकरवाडीवरून आली. डोंगरातली चिमाबाई ठाकरीण दर बाजाराला आमच्याकडं मोळी टाकायची, वर्षानुवर्षं. क्षय म्हणून ती कधी लांब उभी राहिली नाही, मीच तिला अंगणात थांबवायचो, पालीपायी. मोळी ठेवायची, पाणी प्यायची, हौसाला अंगणातूनच हाळी द्यायची आणि जायची. सगळ्या मार्गशीर्षात ती चार-पाच वेळा तरी आली असेल. गोणपाट टाकलेल्या रांजणापासून सात-आठ पावलांवर तिची मोळी पडायची.

दिवस झाले, पाहुणे पांगले. माघ निम्मा सरला असेल. चिमाबाई मोळी घेऊन आली. मी म्हटलं, "म्हातारे, आत ये. रांजण हाय तेवढा न्हे आन् डोंगरात टाक. मेलेली पाल हाय त्यात. माझ्यानं हात लावंना."

तिनं गोणपाट काढलं, चाळण काढली. घाबरली नाही. खाली बसली, दगड उचलला आणि ठिपकीच्या शेपटावरून बोट फिरवलं, बाई तांदूळ निवडताना फिरवते तसं. म्हणाली, "मेलेली कुटं? ही निजलीया."

"दोन म्हयनं खाल्लं न्हाई तिनं."

"थंडीची कुटं खाती ती? आमच्या कातळाखाली येकेक पडल्याली आसती अशी. शेपूट बग की, भरल्यालं हाय. तुमी कनगीत भात भरून ठेवता, तशी ही शेपटात ठेवती. शेपूट हाय तवर तिला काय व्हत न्हाई. शिमग्याला बग, मुकाट्यानं उठंल आन् खायाला मागंल."

माझ्या तोंडून जे आलं ते ओरडणं होतं की रडणं, मला माहीत नाही. "आधी का न्हाई बोललीस? दर बाजाराला येत हुतीस! का न्हाई सांगितलंस?"

चिमाबाईनं दगड अलगद खाली ठेवला. म्हणाली, "तू कवा दावलीस, धोंडीभाऊ?"

मावळात जन्म गेला माझा. उन्हाळ्यात खेकडा बिळाचं तोंड लिंपून बसतो, हे मला ठाऊक. बेडूक चिखलात जातो आणि मृगाला उठतो, ठाऊक. बियाणं कणगीत झोपतं, ठाऊक. लोखंडाचा रूळ थंडीनं आखडतो आणि चैत्रात परत सैल होतो, हे तर माझं पोटपाणी. आखडला म्हणून कुणी रूळ मोडीत काढत नाही. एवढं सगळं ठाऊक असून एक वीतभर पाल थंडी काढते आहे हे मला कळलं नाही. आणि ज्या बाईला कळत होतं तिच्यापासून मी ते गोणपाटाखाली लपवून ठेवलं. गावाच्या भीतीनं. ज्या गावानं ताकही बंद केलं, त्याच्या भीतीनं.

डॉक्टरकडं गेलो होतो एकदा, नुसता विचारायला. तो म्हणाला, "आजार पुढं गेलेला होता. खाल्लं असतं तरी सांगता आलं नसतं." चांगला माणूस. मला बरं वाटावं म्हणून बोलला. पण काट्यावर तिचं वजन वाढलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, दिवेलागणीला रांजणात खसफस झाली. ठिपकी दगडाखालून बाहेर आली होती. शेपूट थोडं वाळलेलं, बाकी जशीच्या तशी. करवंटीत तोंड घालून पाणी प्याली. मान उचलून माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले, उघडले. मी परसात जाऊन हाताला लागला तो किडा आणला आणि टाकला. शेपटाचं टोक थरथरलं. झडप. तोंड पुसलं.

मी मागं वळून अंथरुणाकडं बघितलं. सांगायला.

त्या संध्याकाळी तिला ठेचायचा विचार आला नाही असं म्हणणार नाही. पानाही हाताशीच पडलेला होता. पण हौसाच्या तळव्यावर बसलेलं आणखी दुसरं काही या घरात उरलेलं नव्हतं.

आता या गोष्टीला आठ-नऊ हिवाळे झाले. चिमाबाई गेली. पारूवहिनी म्हातारी झाली, आता ओट्यावर येऊन बसते, रांजणात डोकावून "जेवली का वं हौसाची सवत?" असं विचारते. कुणी विखारी म्हणत नाही. कामशेतच्या शाळेतली पोरं बघायला येतात. मी दाखवतो. सगळ्यांना दाखवतो, विचारलं नाही तरी दाखवतो, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून दाखवतो. लोक म्हणतात, धोंडीआबाला वेड लागलंय पालीचं. लागू दे.

माझं पोट हल्ली अन्न घेत नाही. कसलं दुखणं नाही, वासना नाही, एवढंच. पावसाळ्यात, उन्हाळ्यात कसंतरी चालतं. ठिपकी खाते, तिच्याकडं बघत मीही खातो. पण सांधे उघडले, ती दगडाखाली गेली, की मला पुढचे तीन महिने भिंतीसारखे दिसतात. तेव्हा कळतं, हौसा काय म्हणत होती. एकट्याला घास उतरत नाही. ती हट्ट करत नव्हती. ती खरं बोलत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होतो.

आजही दिवे लागले. भाकरी केली, एकच. ताट घेऊन रांजणापाशी बसलो. आत काही हलत नव्हतं. बाहेरून लोणावळ्याकडं जाणारी गाडी गेली, प्रत्येक सांध्यावर अडखळत. ती लांब जाईपर्यंत थांबलो. मग हौसाचं अंथरूण असायचं त्या भिंतीकडं तोंड केलं आणि दर हिवाळ्यात रोज म्हणतो तसं मोठ्यानं, शिवी घालून म्हणालो,

"खाल्लं गं हौसे. त्या टवळीनं चार नाकतोडे खाल्ले आज, मेलीचं पोट फुटंल आता. ऊठ. घे घास."

आता मला चांगलं खोटं बोलता येतं. तिनं ऐकलं असतं तर तिला खरं वाटलं असतं.